डाव्या हातावरची तुळस

दुकानासमोर गाडी उभी राहिली की कहकशां आधी टेप घेऊन बाहेर यायची. दुसऱ्याने दिलेल्या मापावर तिचा भरवसा नव्हता. इंटरनेटवर हव्या त्या गाडीचा आराखडा मिळतो, चारही बाजू, दारं, खिडक्या, सगळं. पण तो कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाडीचा असतो. मराठवाड्याच्या रस्त्यांवर दहा वर्षं धावलेल्या गाडीला कुठेतरी ठिगळ बसलेलं असतं, दाराची कडी बदललेली असते, डिझेलच्या टाकीला झाकण भलत्याच गाडीचं असतं. सुरुवातीला एकदा तिने आराखड्यावर विसंबून चित्राची फाइल केली होती आणि एका दूधवाल्याच्या टेंपोवर गाईचा डोळा नेमका दाराच्या कडीत गेला होता. दूधवाला काही बोलला नाही, पण पुढे वर्षभर तो टेंपो दुकानावरून जाताना गाय तिच्याकडे एका डोळ्याने बघत जायची.

नांदेडच्या देगलूर नाक्याजवळ, गाड्यांवर चित्रं छापून लावणाऱ्या या दुकानात तिला अकरा वर्षं झाली होती. मालक वकारभाई छपाई आणि चिकटवणं बघायचे. चित्र कुणीही काढून आणो, लग्नपत्रिकावाला असो की गिऱ्हाइकाचा भाचा, ते गाडीच्या पत्र्यावर नीट बसेल असं करून द्यायचं काम कहकशांचं. कडेला चार बोटं जास्तीचं चित्र सोडायचं, म्हणजे व्हिनाइलचा चिकट कागद दुमडला तरी पांढरी कड दिसत नाही. दाराच्या फटीत कुणाचं नाक येऊ द्यायचं नाही. मराठी अक्षरांच्या आधीच रेषा करून टाकायच्या, नाहीतर छपाईच्या संगणकावर फॉन्ट सापडला नाही की ‘स्मरणार्थ’मधला रफार कुठेतरी पळून जातो. हे सगळं बाहेरच्या कुणाला दिसत नाही. चुकलं तरच दिसतं.

त्या सोमवारी आलेली गाडी पूर्वी शाळेची होती. पिवळ्यावर पांढरा रंग मारला होता, तरी शाळेच्या नावाचं जुनं स्टिकर एका बाजूला तसंच होतं. ती चालवत आलेले गृहस्थ साठी ओलांडलेले, धोतर-सदऱ्यातले, उन्हाने रापलेले. नाव भुजंगराव, गाव बिलोलीच्या पुढे. कहकशां आत डोकावली. बाकं काढून टाकलेली आणि मधोमध माणूस निजेल एवढी स्टीलची लांब चौकट.

“काका, कशाची गाडी आहे ही?”

“स्वर्गरथ हाय, बाई. आमच्या साईडला एक बी न्हाई. कुणाचं माणूस नांदेडात गेलं तर गावाकडं न्यायला. फुकट देनार हाय. मीच चालवनार.”

तिने टेप पत्र्याला लावली. भुजंगरावांनी न सांगता दुसरं टोक धरलं. ती मापं लिहीत गेली आणि ते बोलत गेले. बायको सरजाबाई. दोन वर्षांखाली नांदेडच्याच एका दवाखान्यात वारली. दुपारची वेळ, चैत्राचं ऊन. गाडी मिळेना. शेवटी मोंढ्याच्या बाजारात कोबी टाकून परत निघालेला एक टेंपो मिळाला. खाली पानं पडलेली होती, त्यांवरच सतरंजी टाकली.

“रस्ता खराब. मी मागं बसलो, तिचं डोकं असं मांडीवर धरून. आपटू नई म्हनून. अडीच तास.” त्यांनी टेपचं टोक पुढच्या खिडकीला लावलं. “टेंपोवाला चांगला हुता. हळू चालवला बिचाऱ्यानं. पर कोबीचा वास न्हाई जात, बाई. अजून बी घरात कोबी आनू देत न्हाई मी.”

कहकशांने खिडकीची उंची दोनदा लिहिली.

गाडीवर काय हवं ते मुलगा सांगेल, म्हणाले. मुलगा शिवशंकर लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, मुद्देसूद, आकडे घालून. दोन्ही बाजूंना आईचा चेहरा, चार फूट उंच. खाली ‘कै. सरजाबाई यांच्या स्मरणार्थ’. त्याखाली घरातल्या सात जणांची नावं, सौजन्य म्हणून. फोटो आबांनी दिला असेल, तो एचडी करून घ्यावा.

फोटो भुजंगरावांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिला होता. कुणाच्या तरी लग्नातला, तळहाताएवढा, एका कोपऱ्यात बुरशी धरलेला. तिसऱ्या रांगेत, दोन बायकांच्या मधून, सरजाबाई. डोक्यावर पदर, हनुवटीजवळ पदराचं टोक धरलेलं आणि ते नेमकं त्या क्षणी हातातून सुटल्यासारखं. हसत होती. चेहरा बोराएवढा.

“दुसरा नाही का एखादा?” तिने विचारलं होतं.

“आधारचा हाय. पर त्यात ती घाबरलेली हाय.”

बोराएवढा चेहरा चार फुटांचा करायचा म्हणजे काय, हे कहकशांला पक्कं माहीत होतं. फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. मोठा केला की ठिपकेच मोठे होतात. अशा वेळी फोटो फाटला म्हणतात दुकानात. फाटलेला फोटो दुरून एकवेळ चालून जातो, पण स्वर्गरथाजवळ माणसं उभी राहतात, अगदी टेकून उभी राहतात. म्हणून तिने जे सगळे करतात तेच केलं. फोटो स्कॅन केला. बुरशीचे डाग एकेक करून पुसले, कपाळावरचे, गालावरचे, हनुवटीवरचे. मग फोटो साफ करणाऱ्या एआयच्या प्रोग्रॅमला दिला. दोन मिनिटांत चेहरा समोर आला. पापणीचा केस न् केस वेगळा, दात सरळ, कातडी नितळ.

शिवशंकरला पाठवला. लगेच उत्तर आलं. “एकदम भारी. फायनल.”

चेहऱ्याचं काम असलं की कहकशां तेवढाच तुकडा आधी खऱ्या मापात उरल्यासुरल्या व्हिनाइलवर छापायची, भिंतीला लावायची आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघायची. तसा तो लावला. चांगला दिसत होता. इतका चांगला की तिला त्यात बघण्यासारखं काही सापडेना; पण गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या कामात खोड काढायची तिला सवय नव्हती.

गुरुवारी भुजंगराव गाडी ठेवायला आले. शाळेचं स्टिकर गरम हवेच्या बंदुकीने सोडवायचं होतं, वकारभाई बाहेर त्याच कामाला लागले. भुजंगराव आत बाकावर बसले, चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि भिंतीकडे पाहिलं.

“ही कोन म्हनायची, बाई? निवडनुकीचं काम आलंय का?”

बाहेरून वकारभाई हसत म्हणाले, “काका, ओळखलं नाय का? अहो, काकूंचा फोटो! काय साफ काढलाय पोरीनं!”

भुजंगरावांनी बशी खाली ठेवली. उठले, भिंतीजवळ गेले. मग मागे सरकत सरकत दुकानाच्या पायरीपर्यंत आले आणि तिथून पाहिलं. एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तसे बाजूला झाले.

“न्हाई,” ते म्हणाले. चिडून नाही. भलत्याच दारावर आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं. “ही न्हाई.”

शिवशंकरला त्यांनीच फोन लावला. त्यांना बोटाने स्पीकरच सापडायचा, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

“आबा, तुम्ही आता काही बोलू नका, फार छान झालाय तो. मूळ फोटो खराब होता, त्याला एचडी केलंय.”

“ते ठीक हाय. पर हनुवटीवरचं गोंदन कुठं गेलं?”

पलीकडे क्लासची घंटा वाजलेली ऐकू आली.

“गोंदण?” शिवशंकर म्हणाला. “आईला हनुवटीवर गोंदण होतं?”

“तीन ठिपके.”

“आबा, मी... माझं लेक्चर आहे. नंतर करतो.”

फोन बंद झाला. भुजंगरावांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

कहकशांने मूळ स्कॅन उघडला होता. न पुसलेला. हनुवटी मोठी केली. तिथे तीन ठिपके होते, खाली दोन आणि वर एक, हिरवट निळे. बुरशी पिवळट तपकिरी होती आणि वाटेल तशी पसरली होती. हे ठिपके एका अंतरावर, मापून ठेवल्यासारखे बसले होते. दिसत होतं सगळं. तिने बघितलंच नव्हतं.

“काका,” ती म्हणाली, “मशीनच्या आधी मीच पुसलं ते. मला वाटलं डाग आहेत.”

वकारभाईंनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, नक्को म्हणून. दुकानातली चूक गिऱ्हाइकापुढे सांगत नाहीत. पण तिचं बोलून झालं होतं.

भुजंगराव पडद्याजवळ येऊन वाकले.

“तिला बी पुसावंच वाटायचं,” ते म्हणाले. “पोरगं पाचवीला लातूरला हॉस्टेलात ठिवलं. ही भेटायला गेली तर तिथल्या पोरांनी इचारलं, तुज्या मायला हे काय झालंय. त्यानं घरी काई सांगितलं न्हाई, पर हिनं ऐकलं. तवापासून लातूरला जायचं म्हनलं की पदर असा धरायची. मग सवयच लागली. फोटोत बी, घरात बी. त्याचा दोष न्हाई. तिनंच लपवलं, मग त्याला दिसनार कसं?”

“आणखी कुठे होतं?” कहकशांने विचारलं.

“डाव्या हातावर. मोठी तुळस हुती, कुंडीसकट. खाली इच्चू.” त्यांनी स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. “लई सुरेख. भाकरी थापताना हालायची.”

त्या हाताचा फोटो कुठेच नव्हता. असणारही नव्हता, कहकशांला वाटलं. हातांचे फोटो कोण काढतं? पण तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली होती. फोटो मोठा केला की फाटतो. रेघ फाटत नाही. संगणकावर काढलेली रेघ नखाएवढी असो नाहीतर ट्रकभर, तिची कड तशीच राहते. गोंदण म्हणजे नुसती रेघच की.

“काका, कुणी पाहिलेलं सांगेल का मला? कागदावर काढून दाखवील असं कुणी?”

“काढायचं कशाला? तिच्या भैनीच्या हातावर हाय ना. साखराबाईच्या. एकाच दिवशी, एकाच बाईनं गोंदलेलं. मुरुडला दिली तिला.”

मुरुड म्हणजे लातूरच्याही पुढे. तिथून म्हातारीला नांदेडला आणायचं तर शिवशंकरलाच आणावं लागणार. तो फोन कहकशांने केला. शिवशंकरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, परीक्षा जवळ आलीय, रविवारीसुद्धा बॅचेस असतात. बघतो.” त्याच्या बघतो म्हणण्यात तिला काही जीव वाटला नाही.

पण शनिवारी त्याने एवढंच विचारलं, “मूळ स्कॅन मला पाठवता का? न पुसलेला.” तिने पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या, उत्तर आलं नाही. रविवारी अकराच्या सुमारास दुकानासमोर लातूरची गाडी थांबली आणि शिवशंकरने मागचं दार उघडून मावशीला हाताला धरून उतरवलं.

साखराबाई लहानखुरी, सत्तरीची, आवाज मात्र खणखणीत. भुजंगराव सकाळपासून येऊन बसलेच होते. तिने भावजींकडे बघून पदर सारखा केला, दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाली, “कुठं हाय ती पोरगी, जिला माजा हात पायजे?”

स्कॅनरच्या काचेवर हात ठेवायला तिने साफ नकार दिला. उजेड फिरतो, म्हणाली, हात भाजला तर भाकरी कोण करील? मग कहकशांने पायरीवर स्टूल मांडलं, तिथे ऊन थेट येत नव्हतं पण उजेड भरपूर होता. स्टुलावर पांढरा कागद, त्यावर साखराबाईचा हात. शेजारी टेप. शिवशंकर मोबाइल धरून उभा होता, सावली पडू नये म्हणून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सरकत होता. तिने त्याला सात-आठ फोटो काढायला लावले.

संगणकावर हात उघडला तेव्हा तिला कळलं, काम सोपं नाही. साठ वर्षांत शाई कातडीत पसरली होती. रेघा कडेने विरघळल्या होत्या, सुरकुत्यांनी तुळशीची पानं ओढून तिरपी केली होती. पसरलेली रेघ काढायची की गोंदणाऱ्या बाईने सुईने काढली ती? तिने मधली, सगळ्यात गडद जागा धरली आणि एकेक बिंदू टाकत गेली. पाऊण तासात तुळस उभी राहिली. डावी बाजू नीट आली होती. उजवीकडे तीच उलटी करून लावली, म्हणजे दोन्हीकडे सारखी. खाली विंचू, आठ पाय, चार इकडे, चार तिकडे.

“या, मावशी. बघा बरं.”

साखराबाईने पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“हे कापडावरच्या छापावानी दिसतंय,” ती म्हणाली. “ह्या अंगाला पानं कमी हायत माज्या. मोज.”

कहकशांने मोजली. डावीकडे सात, उजवीकडे सहा. तिने उलटी करून लावलेली बाजू काढून टाकली आणि उजवीकडची सहाच्या सहा पानं वेगळी काढली, जशी होती तशी.

“आता हे तुमचं झालं,” ती म्हणाली. “त्यांचंही असंच होतं ना?”

“तिचं कसं असंच असंल? तिनं तर बोंब ठोकली हुती.” साखराबाई हसायला लागली. “आमच्या मायनं जवार दिली हुती त्या बाईला. आधी मी बसले. मी मोठी. मी हूं की चूं केलं न्हाई. मग सरजी. तुळस झाली तवर दात खाऊन बसली आन् इच्चवाच्या टायमाला हिसका देऊन पळाली. इच्चवाचा एक पाय राहिलाच. बाई म्हनली, बस, पुरा करते. न्हाई बसली. लगीन झालं, लेकरू झालं, तरी तो सातच पायाचा. मी तिला म्हनायची, सरजे, तुजा इच्चू लंगडा हाय, तुला कुनी भिनार न्हाई.”

भुजंगराव मान खाली घालून हसत होते. डोळे पुसत होते की हसत होते, नीट कळत नव्हतं.

“कोणता पाय, मावशी?” शिवशंकरने विचारलं. तो बराच वेळ कहकशांच्या खुर्चीमागे उभा होता.

“काय?”

“आईच्या विंचवाचा कोणता पाय नव्हता?”

साखराबाईने डोळे मिटले. बोट हवेत फिरवलं, जणू बहिणीचा हात पुढ्यात धरला आहे. “ह्यो. शेपटीकडचा. तुज्याकडचा.”

कहकशांने तो पाय काढून टाकला. एक बटण दाबायचं काम, पण तिने ते सावकाश केलं.

मग गाडीच्या मापांवर तुळस ठेवली. चार फुटांची केली, कड पहिल्यासारखीच धारदार. कुंडी मागच्या चाकाच्या कमानीवर आली, विंचू दाराच्या फटीत जात होता. तिने सगळं चित्र एक वीत पुढे घेतलं. रंग काळा नाही, निळाही नाही. हातावरच्या शाईचा, हिरवट. तो सापडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पडद्यावर जो रंग दिसतो तो व्हिनाइलवर तसाच उतरत नाही. वकारभाईंनी पाच पट्ट्या छापल्या. साखराबाईने एकेक पट्टी मनगटाजवळ धरून चार नापास केल्या.

“आणि फोटो?” शिवशंकर म्हणाला. “आबा, मूळ फोटोच घेऊ, फाटला तर फाटला. ठिपके दिसतील. पण चेहरा नसला तर लोकांना कळणार कसं की ही आईची गाडी आहे?”

“लोकायला कशाला कळाय पायजे?” भुजंगराव म्हणाले. “ज्याचं मानूस आत निजलंय, त्यानं भाईर आपल्या मानसाचं तोंड बघावं का? त्याला त्याचंच पुरे हाय की त्या दिवशी. मी त्या टेंपोत बसलो हुतो, शिवा. समोर कुनाचं हसरं तोंड असतं तर मला न्हाई सहन झालं असतं.”

मग शिवशंकरनेच सांगितलं, सात नावंही काढून टाका. फक्त ‘सरजाबाई’ राहू दे, लहान. आणि आबांचा फोन नंबर, मोठा.

परत निघताना मावशी गाडीत बसली, तसा तो पुन्हा दुकानात आला. भिंतीवर तो नितळ चेहरा अजून तसाच होता. त्याने एका कोपऱ्याला नख लावलं आणि सावकाश, न फाडता, सोडवून घेतला. गुंडाळी केली.

“मला हा खरंच आवडला होता, मॅडम,” तो म्हणाला. “मला वाटलं, आई अशीच होती.”

“सर, मला पण आवडला होता,” कहकशां म्हणाली. ते खोटं नव्हतं.

बुधवारी चिकटवायला घेतलं. डावी बाजू वकारभाईंनी पाण्याचा फवारा मारत, बुडबुडे काढत दोन वाजेपर्यंत पूर्ण केली. पांढऱ्या पत्र्यावर हिरवट तुळस उभी राहिली. समोरच्या हॉटेलातला माणूस येऊन बघून गेला, काही न विचारता. उजव्या बाजूचं व्हिनाइल छापायला लावायचं होतं, तेवढ्यात बाकावर बसलेल्या भुजंगरावांचा फोन वाजला. नंबर गाडीवर आजच लागला होता, पण गावात बातमी आधीच फिरली होती. बिलोलीजवळच्याच एका वाडीची म्हातारी इथल्या दवाखान्यात वारली होती. माणसं बाहेर उभी होती.

“काका, एकच बाजू झालीय,” कहकशां म्हणाली. “दोन तास द्या.”

“मानूस थांबलंय, बाई.”

ते चढले. गाडी सुरू केली. नाक्यावर वळताना दुकानाकडची बाजू दिसली, ती कोरी होती.

आठ दिवसांनी ते परत आले, उजवी बाजू करून घ्यायला. गाडी धुतलेली होती, तरी मागच्या दाराच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. कहकशांने सवयीने चित्राच्या कडांवरून बोट फिरवलं. कुठे सुटलं नव्हतं.

“कसं झालं, काका?”

“झालं नीट. रस्ताभर कुनी बोललं न्हाई. गावात पोचलो, तर म्हातारीची जाव आली भाईर. तिच्याच वयाची. गाडीजवळ आली आन् ह्या तुळशीला हात लावून उभीच राहिली. मला म्हनली, माज्या जावेच्या हातावरचं तुमाला कसं ठाऊक? कवा काढून घेतलं?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगनार?” भुजंगराव म्हणाले. “आमच्याकडं सगळ्याच म्हाताऱ्याच्या हातावर हाय तुळस. हाव म्हनलं. तुमच्याच जावेसाठी काढलंय म्हनलं. तिला बरं वाटलं.” त्यांनी थोडा वेळ टोपी हातात घेऊन फिरवली. “इच्चवाचे पाय न्हाई मोजले तिनं.”

कहकशां आत आली. उजव्या बाजूची फाइल तयारच होती, बुधवारपासून. तिने ती उघडली तसे भुजंगराव मागून येऊन उभे राहिले.

“बाई, ह्या अंगाला नाव नगं.”

“सरजाबाई काढू?”

“एका अंगाला हाय की. ह्या अंगाला नुसती तुळस राहू द्या. नंबर ठिवा.”

तिने नावाची ओळ निवडली. अक्षरांच्या केव्हाच रेषा करून ठेवल्या होत्या, आता ती अक्षरं नव्हतीच, नुसते आकार होते. तिने ती ओळ काढली, मोकळ्या जागेत नंबर थोडा मोठा केला, दाराच्या फटीपासून चार बोटं अंतर आहे ना ते पुन्हा एकदा टेपवरच्या मापाशी ताडून पाहिलं आणि फाइल छपाईला पाठवली. मशीनचा आवाज सुरू झाला. भुजंगराव बाकावर बसले आणि त्यांनी चहा सांगितला, तिघांचा.